वाकळेवर शिवलेला कैलास

मी लोहाऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात नकाशे खराब करते. हे वाक्य आमच्या हेडमास्तरांचं. त्यांना तो विनोद वाटतो, म्हणून पाहुणे आले की ते तो पुन्हा करतात, आणि मी दरवेळी दात दाखवते. खरं तर माझं काम तेवढंच आहे. भूमी अभिलेखच्या कचेरीतून गावनकाशाची नक्कल काढायची, ती मोठी करून कापडावर छापून घ्यायची, आणि मग त्यावर त्या गावची माती, जुन्या लुगड्यांचे तुकडे, ज्वारीची ताटं, एसटीची तिकिटं, जे काय सापडेल ते चिकटवायचं, शिवायचं, कधी जाळायचं. सरकारी नकाशा घारीसारखा वरून बघतो. त्याला विहीर दिसते, पण विहिरीवर कुणाला शेवटी पाणी मिळतं ते दिसत नाही. मला ते दिसतं, आणि दिसलं की राग येतो. माझी सगळी चित्रं रागातनं झालेली आहेत, हे मी उगाच लपवत नाही.

पुण्याच्या एका संस्थेनं प्रदर्शन काढायचं ठरवलं. विषय होता नकाशा, नजर आणि स्वर्ग. आधी उमरग्यात मांडायचं, मग पुण्यात न्यायचं. स्वर्ग हा शब्द वाचून मला हसू आलं. आमच्याकडं माणूस गेला की तो आपोआप कैलासवासी होतो, कसाही वागलेला असो. जिवंतपणी मात्र तुझा स्वर्ग कुठं आहे बाई, असं कुणी कुणाला विचारत नाही. म्हटलं, आपण विचारू. आत्यांना विचारू.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. माकणीच्या अलीकडच्या एका गावात दिलेल्या. लग्न झालं तेव्हा न्हाणसुद्धा आलं नव्हतं. भूकंपात ते गाव पडलं आणि माळावर नवं गाव बसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, गल्ल्यांना नंबर. जुन्या जागेवर आता येड्या बाभळी आणि दगड. आत्यांचं आयुष्य गेलं त्या जुन्या गावात. मी त्यांना म्हणाले, "आत्या, जुनं गाव वाकळेत शिवून द्या. तुम्हाला आठवतं तसं."

"कामून? कोन पांघरनारे?"

"पांघरायचं नाही. लोकांनी बघायचं."

"वाकळ बघायची?" त्या म्हणाल्या, आणि आधी भिंतीवरून शेजारणीला हाक मारून ही बातमी सांगितली. दोघी पोट धरून हसल्या, आणि मग कामाला लागल्या.

वाकळ म्हणजे गोधडीच, जुनी लुगडी-धोतरं एकावर एक घालून टाचलेली. ती अंगणात पसरतात, चारी बाजूंनी बायका बसतात, आणि जी ती आपल्या काठाकडून आत शिवत येते. आत्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी अंधुकच दिसतं, दुसरा अधू, म्हणून त्या बोटांनी चाचपत शिवतात. ज्या काठाला बसतील त्या काठाकडून त्यांनी घरं शिवली. त्यामुळं त्या गावाला वर-खाली असं काही उरलंच नाही. एका बाजूची घरं दुसऱ्या बाजूनं बघाल तर उलटी. गाव बघायचं तर सगळ्या बाजूंनी फिरून बघा, बसून बघा. मी कॉलेजात परस्पेक्टिव्ह शिकले, एकाच जागी उभं राहून एका डोळ्यानं बघायचं ते. आत्यांच्या अंगणात बसून मला त्याची पहिल्यांदा लाज वाटली.

अर्धी वाकळ झाल्यावर मी माझा छापील नकाशा तिच्या शेजारी पसरला आणि जुळवून बघायला लागले. चावडी नव्हती. पार नव्हता. देवळासमोरचं पटांगण नव्हतं.

"आत्या, चावडी राहिली."

"राहिली न्हाय. म्या कवा बघितली?"

मला वाटलं, चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. त्या गावात सुनांनी पारासमोरून जायचं नाही असा रिवाज होता. पारावर गडी बसलेले असायचे. कुठंही जायचं तर मागच्या बोळातनं, पायातलं हातात घेऊन, बोळ संपेपर्यंत. त्यामुळं आत्यांना सगळं गाव पाठमोरं ठाऊक. चावडीची मागची भिंत, तिचा कुठला गिलावा निघालाय, कुठं पिंपळ उगवलाय, ते सगळं त्यांनी शिवलं होतं. महादेवाचं देऊळसुद्धा मागून. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हळ बारीक निळ्या दोऱ्यानं काढलेली.

"देवाचं तोंड तिकडं, गड्यांकडं," त्या सुई ओवत म्हणाल्या. "आमच्याकडं पन्हळ."

त्या संध्याकाळी जीपमधून लोहाऱ्याला येताना माझे कान तापले होते. एक बाई सून म्हणून एका गावात येते, म्हातारी होते, ते गाव जमीनदोस्त होतं, आणि तिनं त्या गावाचं तोंड कधी बघितलेलं नसतं. आणि हे सांगताना तिच्या आवाजात तक्रारीचा मागमूस नाही. मला त्या रिवाजापेक्षा त्या साध्या आवाजाचा जास्त राग आला. शेजारी बसलेल्या एका गृहस्थानं विचारलं, "मॅडम, तब्येत बरी न्हाय का?" मी म्हणाले, अगदी ठणठणीत आहे.

मग राहिला स्वर्ग. मी विचारलं, "आत्या, ह्यात सर्ग कुठं दाखवायचा?" मला वाटलं होतं, माहेरची वाट म्हणतील, नाहीतर शेत. आत्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ट्रंकेतून मोरपंखी इरकल लुगड्याचा तुकडा काढला. इतका चांगला तुकडा त्यांनी कशासाठी राखून ठेवला होता कोण जाणे. तो गावाच्या पार कडेला लावला, त्याच्याभोवती हिरव्या दोऱ्यानं शेराच्या झाडांचं कुंपण घातलं, आणि आत लाल दोऱ्याच्या गाठी मारायला लागल्या.

"हे काय?"

"बायका."

"काय करायलेत?"

"काय करतेत? बसल्यात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तो बायकांचा आडोसा होता. परसाकडं जायची जागा. मी हसायला लागले, शेजारीण हसायला लागली, आत्या मात्र गाठी मारत राहिल्या. म्हणाल्या, दिवा लागायच्या वक्ताला सगळ्या सुना तिथं जमायच्या. सासवांची येळ येगळी. गडीमाणूस तिकडं फिरकायचा नाही. चुकून कुणी त्या बाजूला खाकरला तरी त्याची इज्जत जायची. कोण गरोदर आहे, कुणाला रात्री मार बसला, कुणाचा बाप आजारी असून तिला धाडत नाहीत, सगळं तिथं कळायचं. कुणी पदरात गुळाचा खडा बांधून आणायची. कुणी रडून घ्यायची. कन्नड मुलखातून आलेल्या दोघी-तिघी तिथंच आपल्या बोलीत पोटभर बोलायच्या, कारण घरात कन्नड काढलं की सासू म्हणायची, मला शिव्या घालतीस.

"आन तिथं कुनी हाक मारायचं न्हाय बघ," आत्या म्हणाल्या. "सगळ्या दिसात तेवढीच येळ. हाक मारायची कुनाची हिंमत न्हाय."

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणणार, ही बाई उघड्यावर बसायचं कौतुक करते. मी कौतुक करत नाही. दिवसभर पोट आवळून धरायचं, पावसाळ्यात साप, अंधारात पाय घसरणं, हे सगळं मला आत्यांनीच सांगितलं आहे. नव्या गावात घरोघरी संडास झाले ते बरंच झालं. पण ज्या गावात बाईला हाक ऐकू येणार नाही अशी जागा तेवढी एकच असते, त्या गावाचं काय करायचं, हे मला विचारा.

वाकळ पुरी झाली. मी छापील नकाशा खाली अंथरला, चारी बाजूंनी हातभर बाहेर दिसेल असा. त्याच्यावर माकणीच्या धरणाकाठच्या काळ्या मातीचा लेप दिला, आणि वर आत्यांचं गाव पसरलं. पुण्याहून आलेले संयोजक दोन्ही हात छातीवर बांधून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "फार रॉ आहे, ताई. पण अर्धा भाग उलटा दिसतो. भिंतीवर लावताना कुठली बाजू वर घ्यायची?"

मी म्हणाले, भिंतीवर लावायची नाही. जमिनीवर पसरायची. लोक फिरून बघतील.

"लोक पाय देतील."

"देऊ द्या. वाकळ आहे."

ह्यावरून आमची चांगलीच जुंपली. शेवटी ते जमिनीला तयार झाले, पण वाकळेशेजारी लावायच्या पाटीवर त्यांनी लिहून आणलं: ग्रामीण स्त्रीचा स्वच्छतागृहासाठीचा संघर्ष. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ती बाई सांगते आहे की हा माझा स्वर्ग होता, आणि तुम्ही तिच्या स्वर्गाची सरकारी योजना करून टाकता? मी ती पाटी फाडली आणि नवी लिहिली. त्यावर फक्त आत्यांनी सांगितलं ते, त्यांच्याच बोलीत. संयोजक म्हणाले, "तुम्ही फार इमोशनल आहात." आपलं म्हणणं खोडता आलं नाही की ही माणसं हा एक शब्द काढतात.

प्रदर्शन उमरग्याला हायवेवरच्या मंगल कार्यालयात होतं. ते कार्यालय आत्यांच्या मुलाचं. त्याला मी दादा म्हणते. दादा वाईट माणूस नाही, हीच पंचाईत आहे. आईचं ऑपरेशन त्यानंच सोलापूरला नेऊन करून आणलं, आठवड्याला भेटायला जातो, फळं नेतो. आईची वाकळ पुण्याला जाणार म्हणून त्यानं हॉल फुकट दिला, बॅनर लावला, मोठ्या पाहुण्यांना आमंत्रणं केली. फक्त वाकळ बघितली नव्हती. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी तो ती बघायला गेला. मी त्या दिवशी शाळेत पेपरच्या पर्यवेक्षणाला अडकले होते.

सकाळी मी पोचले तर आडोसा नव्हता.

त्या मोरपंखी तुकड्यावर, शेराच्या कुंपणासकट, पांढऱ्या साटीनचा एक डोंगर शिवलेला होता. डोंगराला चंदेरी लेस. शिखरावर ध्यानस्थ महादेवाचं तयार चित्र, बाजारात चादरीवर मिळतं तसलं. मंडपाच्या झालरी आणि खुर्च्यांची कव्हरं शिवणाऱ्या शिंप्याकडून मशीनवर शिवून घेतलेलं, सगळ्या थरांच्या आरपार. त्या गाठींवरून, त्या बायकांवरून मशीन फिरलं होतं. आणि शेजारच्या पाटीवर छापलं होतं: कैलास, आमच्या गावचा स्वर्ग.

मी ओरडले. हॉलमध्ये फुलांच्या माळा लावणारी माणसं थांबून बघायला लागली. दादा धावत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तमाशा करू नको. पाव्हणे येऊ लागलेत."

"कुणाला विचारून शिवलं हे?"

"विचारायचं काय त्यात? माझी आई हाय. आईनं हागायची जागा सर्ग म्हणून मांडली, हे मी चार लोकांत सांगू? इथं माझे सोयरे येणार. सगळ्या गावाची इज्जत हाय."

"आणि मागचा बोळ? तो नाही झाकला? त्याची नाही लाज वाटली?"

"बोळाचं काय? बोळ सगळ्याच गावात असतो," तो म्हणाला. त्याला खरोखर कळलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जी भाबडी अडचण होती, तिच्यावर मला आजही हात उगारावासा वाटतो.

मी संयोजकांकडं वळले. ते म्हणाले, "ताई, स्थानिक भावनांचा विचार करावा लागतो. आणि कंपोझिशन म्हणून बघाल तर त्या पांढऱ्यामुळं एक फोकस मिळालाय." परवापर्यंत ह्याच माणसाला तिथं संघर्ष दिसत होता. मी पर्समधून ब्लेड काढलं. चित्रकलेच्या बाईच्या पर्समध्ये ब्लेड असतंच. दादानं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. म्हणाला, आधी उद्घाटन होऊ दे, मग तू काय करायचं ते कर. मला माहीत होतं, उद्घाटनाचे फोटो पेपरात आले की आत्यांच्या नावावर कायमचा तो डोंगर लागणार होता. मग आडोसा कुठंच नाही. गाव तर पडलेलंच आहे, वाकळेतही नाही, आणि आत्यांच्या डोक्यात आहे तो किती दिवस.

आम्ही असे हातात हात धरून भांडत असतानाच आत्या आल्या. गावातून भाड्याची जीप करून, बरोबर ती शेजारीण. आत्यांनी नवीन लुगडं नेसलं होतं, कपाळाला विभूती लावली होती. त्यांच्या हातची वस्तू इतक्या लोकांनी बघायला मांडलेली, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. "कुठं हाय माझी वाकळ?" त्या म्हणाल्या. कार्यकर्त्यांनी खुर्ची पुढं केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि वाकळेच्या काठाला जमिनीवर बसल्या.

दादानं माझं मनगट सोडलं.

आत्या चाचपत निघाल्या. हा गुरांचा वाडगा, ही पिठाची गिरणी, ही कासाराची पोरगी राहायची ते घर. शेजारणीला सांगत, तिला हसवत, काठाकाठानं सरकत त्या पुढं गेल्या. मग बोटं साटीनवर गेली आणि घसरली. त्यांनी पुन्हा हात फिरवला. लेसवरून नख ओढलं. चित्र दोन्ही हातांनी चाचपलं.

"हे माझे टाके न्हाईत," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "आत्या, तुमच्या आडोशावर कैलास शिवलाय. दादानं."

दादा त्यांच्याजवळ उकिडवा बसला. हात जोडल्यासारखे केले. "अव्वा, मी वाईट काय केलं? देवच शिवला ना? लोकं हसली असती तुला."

"कोन लोकं?"

"सगळी. मोठी मानसं येनारेत."

"बायका हसल्या असत्या व्हय रे?" आत्यांनी शेजारणीकडं तोंड करून विचारलं. शेजारीण म्हणाली, "बायका तर हसल्याच. आमी किती हसलो." आणि ती पुन्हा हसली, त्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तोंडाला पदर न लावता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी पळत येऊन म्हणालं, पाहुणे आले, हार घ्या. दादा उठला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. इतका वेळ तो गावाच्या इज्जतीबद्दल बोलत होता. आता त्याचा आवाज लहान झाला आणि त्याला खरं काय लागलं होतं ते बाहेर पडलं.

"अव्वा, सबंध गावात तुला सर्ग म्हणून तेवढीच जागा सापडली? आपलं घर न्हाय सापडलं?"

आत्यांनी साटीनवरचा हात काढला नाही. रागावल्या नाहीत. पोराला पत्ता सांगावा तितक्या साधेपणानं त्यांनी सांगितलं.

"घरात तुझा बाप हुता."

दादा तिथंच, मातीच्या लेपावर, मांडी घालून बसला. आत्यांनी माझ्या दिशेनं हात पसरला.

"ब्लेड हाय का गं? दे."